मागणी नेमकी कुणाची

डेटाबेसची नवी आवृत्ती बसवून दुपार उलटली, तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मध्यवर्ती रक्तपेढीच्या या डेटाबेसची जबाबदारी तिच्यावर होती. एखाद्या रुग्णालयाच्या सर्व्हरवरून मागणी आली, की ती कोणत्या सर्व्हरची हे एक जुने फंक्शन, म्हणजे प्रणालीतला एक छोटा कोड, ओळखून सांगे. नव्या आवृत्तीने ते कालबाह्य ठरवले होते: चालेल, पण विसंबू नका.

“चालतंय ना? मग कशाला उकरून काढतेस?” साहेब म्हणाले होते, आणि तिनेही मान डोलावली होती.

तेच आता सलत होते. खुर्चीत बसवेना. अखेर तिने नदीपलीकडच्या प्रसूतिगृहात फोन लावला. तिची धाकटी नणंद तिथे मुख्य परिचारिका होती.

“वहिनी, बरं झालं तूच फोन केलास. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाहीये. पिशव्या निघाल्या ना?”

“मागणी कधी पाठवलीस?”

“केव्हाच. का गं?”

पडद्यावर प्रसूतिगृहाची एकही मागणी नव्हती. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या मात्र लागोपाठ दोन. जुन्या फंक्शनने प्रसूतिगृहाचा सर्व्हर न ओळखता उत्तर कोरे सोडले होते. आणि उत्तर कोरे आले, तर यादीतले पहिले नाव घ्यावे, ही सोय तिनेच पूर्वी करून ठेवली होती. मागणी अडकू नये म्हणून. आणि यादीत पहिले नाव मोठ्या रुग्णालयाचे होते.

तिने पिशव्या घेऊन निघालेल्या गाडीच्या चालकाला फोनवर गाठले.

“ताई, मी मोठ्या रुग्णालयाच्या फाटकात उभा आहे. हे म्हणतात, एकच पेटी आमची.”

“दुसरी उतरवू नका, काका. तशीच प्रसूतिगृहात न्या.”

“अहो, आत्ता त्यांच्या दारावरूनच आलो की मी!”

“चुकलं माझं. निघा लगेच.”

मग तिने पहिले नाव घेण्याची ती सोय काढून टाकली आणि एकेका रुग्णालयाला फोन करून मागण्या पडताळू लागली.

“आता पुरे की,” साहेब म्हणाले. “सगळं सुरळीत आहे.”

“ते रुग्णालयांच्या तोंडून ऐकू द्या.”

मध्येच फोन वाजला. तिने नाव न पाहताच उचलला.

“कोण बोलतंय? कुठून?”

“अगं वहिनी, मी! नणंदेचा आवाज विसरलीस होय? पिशवी लावली. बाईंचा रक्तदाब वर येतोय.”

ती खुर्चीत टेकली. क्षणभरच. यादीत अजून बरीच नावे उरली होती.