निळ्या खुणेच्या चौकटी

मार्चच्या सुरुवातीचा बेडूक जागे व्हायचा दिवस उलटला की आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा राहत नाही. खोऱ्यातल्या झाडून सगळ्यांच्या मधपेट्यांतल्या जुन्या चौकटी आमच्या दारात येऊन पडतात. कुणी मोटरसायकलला बांधून आणतं, कुणी ट्रॅक्टरवर टाकून, आणि जाताना प्रत्येकाचं एकच वाक्य, "वहिनी, दादाला म्हणावं, जरा नाक लावून ठेव." नाक त्याचं, पाठ माझी मोडते. ते कोण बघतंय?

मधमाश्यांची जुनी चौकट साफ करणं म्हणजे काय, हे केल्याशिवाय कळायचं नाही. लाकडावर माश्यांनी लावलेला डिंक खरवडायचा. तो नखांत जातो तो उन्हाळ्यापर्यंत निघत नाही. काळी पडलेली पोळी कापून मेणाच्या कढईत टाकायची, मग नुसती चौकट सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुचकळायची, धुवायची, वाळवायची, सैल तारा ताणायच्या आणि त्यांच्यावर षटकोनी घरांचा ठसा असलेला मेणाचा नवा पत्रा बसवायचा. मी चौसष्ट वर्षांची आहे. सोड्याने माझ्या बोटांच्या चिरा पडल्यात आणि दो‍क-मान, म्हणजे आमचे हे, दुसऱ्या कढईपाशी स्टुलावर बसून वास घेतात.

वास घेण्याची ही त्यांच्या वडिलांची रीत. ज्या चौकटीतलं पोळं अजून शाबूत आहे, ती साध्या पाण्याच्या वाफेवर धरायची. पोळं कोमट झालं की आतलं काय ते बाहेर येतं. अळ्या सडण्याचा रोग असलेली पेटी असेल तर सुताराच्या सरसासारखा वास येतो. ती चौकट जाळायची. तो रोग पोळ्यात चाळीस वर्षं दबा धरून बसतो आणि माश्या सोडल्या की उठतो. वास गोड आला तर दांडीवर निळ्या पेन्सिलीने खूण. निळी खूण असली की खोऱ्यात कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

यंदा तर त्या खुणेला सोन्याचा भाव होता. हिवाळ्यात सगळ्यांच्याच पेट्या रिकाम्या झाल्या. माश्या मेल्या असत्या तर निदान झाडून तरी काढल्या असत्या. झाकण उघडावं तर आत कुणीच नाही. आता जो तो विकतच्या माश्या आणतोय आणि तयार पोळी शोधतोय. कोऱ्या पत्र्यावर माश्या सोडल्या तर बिचाऱ्या आधी घर बांधत बसतात, मेण काढायला मधच खातात, आणि मे महिन्यात अकेशियाचं झाड फुलतं ते दहाच दिवस. तेवढ्यात जो काय मध मिळायचा तो मिळतो. घर बांधण्यात ते दहा दिवस गेले की वर्ष गेलं.

फिल-गूचं तसंच होणार नाही याची आम्ही काळजी घेतली होती. फिल-गू ह्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पाठच्या भावासारखा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या चाळीस पेट्यांत तो सडका रोग निघाला आणि सरकारी माणसांनी खड्डा खणून सगळ्या जाळल्या. बायको शहरात मुलाकडे निघून गेली ती गेलीच. तेव्हापासून हा सफरचंदाच्या बागेत मजुरी करतो. यंदा कसंबसं करून त्याने पाच पेट्या माश्या सांगितल्या होत्या. कुठून तरी मिळवलेल्या चौकटी आणून त्याने आमच्याकडून निळ्या खुणा करून नेल्या, आणि माश्यांची गाडी त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायची होती.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तारा ताणत होते. हे एक चौकट वाफेवर धरून बसले होते, आणि मला सहा हातांवरून उंदराच्या मुताचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं.

"गोड आहे," हे म्हणाले, आणि खूण केली.

"काय गोड आहे?"

"पोळं. ठेव त्या ढिगात."

"अहो, उंदीर मुतलाय त्यात! हिवाळाभर संसार केलाय त्याने!"

त्यांनी चौकट उलटी केली. खालच्या कोपऱ्यात कुरतडलेलं गवत आणि लेंड्या होत्या. "हो, येतो खरा थोडासा," ते म्हणाले.

"थोडासा? मला इथे उलटी येतेय."

मी हसणार होते. म्हातारपणाची एखादी गंमत असते तसं. पण ह्यांचे कान लाल झाले, आणि चाळीस वर्षांच्या संसारात ते कान मी फक्त खोटं बोलतानाच लाल झालेले बघितलेत. मी उठले, स्वयंपाकघरातून खारवलेल्या जवळ्याची बरणी आणली.

"डोळे मिटा."

"काय पोरखेळ लावलायस, हे-रानची आई?" आमच्या मुलीच्या नावानेच ते मला हाक मारतात.

"मिटा म्हणते ना."

त्यांनी मिटले. मी बरणीचं झाकण काढून नाकाखाली धरली. ती बरणी उघडली की शेजारचं कुत्रं भुंकतं. हे बराच वेळ श्वास ओढत राहिले.

"तिळाचं तेल," ते म्हणाले.

मी बरणी बंद केली आणि तिथेच उकिडवी बसले. "कधीपासून?"

"त्या तापापासून."

म्हणजे तीन वर्षं. मला आधी काय आठवलं असेल तर ते कुजवलेल्या सोयाबीनचं कालवण. मी ते चुलीवर ठेवलं की हे फाटकातूनच ओरडायचे, "आज कुणाचे मोजे उकळतेयस?" लग्न झाल्यापासून तीच चेष्टा. तीन वर्षांत एकदाही ओरडले नव्हते आणि मी वेडी समजत होते की माणूस उतारवयात मऊ झाला. मला त्याचं बरंही वाटायचं. एवढा राग आला मला, त्यांचा आणि त्याहून जास्त माझा.

"सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगणार? लोक नाकासाठी येतात माझ्याकडे. नाहीतर माझ्यात आहे काय? गुडघे?" त्यांनी पेन्सिल खिशात घातली. "पोळं उजेडात धरून बघतो की मी. डोळ्यांनीही कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसलो."

"तुमची मूठ झाकली राहिली आणि फिल-गूच्या पेट्या जळल्या."

हे मी बोलायला नको होतं. ह्यांचा चेहरा बघवेना. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "त्या साली त्याच्या चौकटींवर खुणा मीच केल्या होत्या. रोज आठवतं मला. तुला काय वाटतं, त्याचं छप्पर मी का शाकारून दिलं? हिवाळ्यात त्याच्याकडे कोबीची बरणी का पोचवतो?"

"आणि काल नेल्या त्या?"

ह्यांनी खिशातली पेन्सिल काढून कढईशेजारी ठेवली.

"संध्याकाळी गाडी येतेय त्याची. उठा," मी म्हटलं.

"तू सांगून ये. मला जमायचं नाही."

"मी नाही. तुमचं तोंड, तुमचं नाक. मी फार तर बरोबर येईन."

चढ मोठा नाही, पण आम्ही दोनदा थांबलो. गुडघ्यांचं निमित्त होतं.

फिल-गू अंगणात चौकटी पेटीत उभ्या लावत होता. मागे ड्रममध्ये सोड्याचं पाणी उकळत होतं. आम्हाला बघून त्याने हात पुसले. "या वहिनी, बसा. जवाचा चहा आहे, पण सकाळचा आहे हं."

"चहा नको भावजी. ह्यांना काही बोलायचंय."

हे टोपी काढून उभे राहिले, शाळेत मास्तरांपुढे उभे राहतात तसे. "फिल-गू, मला वास येत नाही. तीन वर्षं झाली. तुझ्या चौकटींवर मी अंदाजाने खुणा केल्यात. त्या सालीसुद्धा. तुझ्या पेट्या माझ्यामुळे गेल्या." एवढं बोलून त्यांना धाप लागली.

मला वाटलं, आता हा अंगावर येईल. यायला हवंच होतं. फिल-गूने हातातली चौकट पेटीत नीट बसवली, दुसरी घेतली.

"माहीत आहे मला, दादा," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तुला वास येत नाही ते. तुझा ताप उतरला त्याच उन्हाळ्यात तू इथे आला होतास. मी शेतातून आलो तर घरभर गॅस सुटलेला, आणि तू शेगडीशेजारी निवांत बसून खिशात काडेपेटी चाचपत होतास. मी तुला ओढून बाहेर आणलं आणि साप निघाला म्हणून सांगितलं. आठवतंय?"

ह्यांना आठवलं असावं. ते खाली बसले.

"मग पुढच्या वसंतात चौकटी आणल्यास कशाला माझ्याकडे?"

"म्हणूनच तर आणल्या." फिल-गू पहिल्यांदा आमच्याकडे बघून बोलला. "खिंडीपलीकडच्या एका बंद पडलेल्या मधबागेतल्या होत्या त्या. मलाच संशय होता. फेकवत नव्हत्या. वास येणाऱ्या माणसाकडे कोण नेईल असल्या चौकटी? तुझी निळी खूण दिसली की मला झोप लागायची."

"अरे, मग मला सांगायचंस तरी! दोन वर्षं मी तुझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. जेवण जात नव्हतं मला."

"सांगितलं असतं तर सगळा दोष माझ्या एकट्याच्या डोक्यावर आला असता," फिल-गू म्हणाला. "अर्धा तुझ्याकडे होता ते बरं होतं."

आता काय म्हणायचं याला? मला तर शिवी द्यायचंही त्राण नव्हतं. मी पेटीतली एक चौकट उचलली. "भावजी, ह्या कुठल्या आहेत? खरं सांगा."

"माझ्याच. जाळायला माणसं आली त्याच्या आदल्या दिवशी माळ्यावर लपवल्या. ज्या पेट्या बऱ्या दिसत होत्या, त्यांतल्याच आहेत, वहिनी."

मी त्याच्या चहाच्या किटलीत साधं पाणी घालून ती ड्रमखालच्या निखाऱ्यांवर उकळत ठेवली आणि तिच्या वाफेवर ती चौकट धरली. मध, धूर, जुनं लाकूड. दुसरी धरली, तेच. तिसरी धरली आणि सरस आला. फार नाही, सुताराच्या घरावरून जाताना येतो तेवढाच. पण आला. मी ती नाकापासून लांब नेली, परत आणली. परत आला.

फिल-गू माझ्याकडेच बघत होता. "वहिनी," तो हळू म्हणाला, "तुम्ही घरी जा ना. तुम्ही आलाच नव्हता असं धरू. मला एवढा अकेशिया मिळू दे. पत्र्यावर सुरुवात केली तर परत बागेत वर्ष काढावं लागेल. माझे खांदे उरले नाहीत हो."

खरं सांगते, मला जावंसं वाटलं. मागे वळलं असतं तर उतारच होता, आणि घरी खालून तापवलेल्या जमिनीवर अंग टाकता आलं असतं. याआधी सगळ्यांचं असंच चाललं होतं, अळीमिळी गुपचिळी. मी काही बोलण्याआधी ह्यांनी माझ्या हातातली चौकट घेतली आणि ड्रमखालच्या आगीत घातली. मेण भुरकन पेटलं.

"सरस?" त्यांनी मला विचारलं.

"सरस," मी म्हटलं.

त्यांनी पुढची उचलली. ती सरसाची होती की नव्हती, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रोगट चौकटींच्या शेजारी ठेवलेलं काहीच राखायचं नसतं, हे तिघांनाही माहीत होतं. चार-पाच गेल्यावर फिल-गू उठला. मला वाटलं, अडवेल. तो पेटीपाशी गेला आणि चौकटी काढून एकेक ह्यांच्या हातात द्यायला लागला. रडत होता, पण हात थांबत नव्हता. ह्यांनीही त्याला थांबवलं नाही. मग रोग मरावा म्हणून रिकाम्या पेट्याही आतून जाळ फिरवून काळ्या करून घेतल्या.

गाडी आली तेव्हा ऊन डोंगराआड जात होतं. ड्रायव्हरने पेट्या कुठे उतरवू म्हणून विचारलं. "त्या भिंतीकडे," फिल-गू म्हणाला, आणि मग ह्यांना विचारलं, "दादा, तुझ्याकडे कोऱ्या पत्र्याच्या चौकटी आहेत?"

"आहेत. उद्या सकाळी आणतो. दोघं मिळून बसवू."

"उद्या सकाळी आधी दारोदार जायचंय," मी म्हटलं. "अंगणात दोनशे चौकटी पडल्यात तुमच्या खुणेच्या. ज्याच्या त्याला सांगायला नको?"

हे मान हलवत राहिले. उतरताना मी मनात यादी करत होते, कुणाकडे आधी जायचं, कोण शिव्या घालेल, कोण रडेल. वाड्यांची नावं घेता घेता माझ्या लक्षात आलं की ह्या तीन वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या चौकटी दर साली वाढतच गेल्या होत्या. पूर्वी न येणारे लोक यायला लागले होते, खिंडीपलीकडूनसुद्धा. फिल-गूसारखं आणखी किती जणांना माहीत होतं, कोण जाणे. आणि मी ह्यांचं नाव होतंय म्हणून खूश होत होते.

"काय गं, थांबलीस का?" हे पुढून म्हणाले.

"काही नाही," मी म्हटलं. "चला."