सहा सिलिंडरची हाक

“भाऊजी, एक दिवस चालवा मांजरासारखी. काही बिघडत नाही,” लिफ्टवर चढवलेल्या गाडीच्या पोटाखालून मेहुणा म्हणाला. त्याच्या हातात सकाळी सायलेन्सर काढताना फाटलेलं, जोडात बसणारं गॅस्केट होतं. नवं उद्या येणार होतं.

ही त्या दोघांची दरवर्षीची चोरी होती. गाडीच्या वार्षिक तपासणीच्या सकाळी मोठ्या आवाजाचा मोकळा सायलेन्सर उतरवायचा, कंपनीचा मुका सायलेन्सर चढवायचा, साळसूद चेहऱ्यानं पास व्हायचं आणि घरी जायच्या आत पुन्हा मोकळा बसवायचा. भाऊजींच्या बायकोला आजवर पत्ता लागला नव्हता. यंदा गॅस्केटनं दगा दिला, मोकळा आज बसणार नव्हता.

भाऊजी दातांच्या कवळ्या घडवायचे. दिवसभर परक्यांच्या तोंडांचे साचे पुढ्यात, स्वतःच्या तोंडातून मात्र शब्द फुटायची मारामार. अशा माणसाच्या दारात सहा सिलिंडरची, चारही चाकांनी रस्ता ओढणारी, वाघासारखी गुरगुरणारी गाडी बघून शेजारी म्हणायचे, गोगलगाय आणि पोटात पाय.

गाडी म्हणजे नवराबायकोतला तह होता. तिला हवी होती सासूची चाकाची खुर्ची, मुलांच्या सायकली आणि अंथरुणं पोटात घेणारी गाडी. त्याला हवं होतं इंजिन. शोधून शोधून त्यानं ही जुनी वॅगन आणली. “पुढून शर्यतीची, मागून टेम्पो,” बायको म्हणाली आणि पहिल्याच दिवशी मागच्या जागेत गाद्या भरून मोकळी झाली.

पुढं सासू गेली, मुलं आपापल्या वाटेनं गेली, आणि भाऊजींच्या हौसेला मोकळं रान मिळालं. मोठे ब्रेक आले, रुंद टायर आले, गाडी जमिनीशी टेकवणाऱ्या कडक स्प्रिंगा आल्या. बायको सगळ्यांना सांगायची, रस्त्यातल्या नाण्यावरून चाक गेलं तर छापा होता की काटा, ते माझ्या कंबरेला कळतं. पण बसायची शेजारीच. नोकरीत तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली होती. स्वतःचं बोलणं ती या गाडीसाठी राखून ठेवायची. गावाबाहेरचा घाट चढेपर्यंत तिची टकळी चालू असायची. भाऊजी आयुष्यात जे काही बोलले असतील, त्यातलं निम्मं त्या सीटवरच बोलले असतील.

मग तिचे कान जायला लागले. आधी दाराची घंटा गेली, मग कुकरची शिट्टी, मग नातवाचा फोन. कानातलं मशीन आणलं, तर तिला नुसती भांडी आदळल्यासारखी वाटायची. ते कपाटात पडून राहिलं. घरात ती ओठांवरून वाचायला शिकली आणि तो समोर उभं राहून बोलायला. गाडीत मात्र ते जमेना. ती काही विचारायची, तो रस्त्यावरची नजर न काढता उत्तर द्यायचा, ती क्षणभर वाट बघायची आणि खिडकीबाहेर पाहू लागायची. असं पुष्कळदा झालं. शेवटी एका रविवारी ती म्हणाली, “तुम्हीच जाऊन या.” त्यानंतर ती गाडीत बसलीच नाही.

घाट तोच होता, इंजिनही तसंच ओढत होतं, पण शेजारच्या सीटवर डबा ठेवून तो चढताना भाऊजींना रडू यायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कुणाला.

त्यातल्या त्यात एक समाधान होतं. कानाचे डॉक्टर म्हणाले होते की खर्जातले आवाज सगळ्यांत शेवटी जातात. आणि खरंच, संध्याकाळी गाडी दाराशी लावून ते पायरी चढायच्या आत दार उघडलेलं असायचं, दारात ती. “बाकी काही नाही, पण माझी गाडी तिला ऐकू येते,” ते कामावर कुणी न विचारताही सांगायचे. तेवढंच त्यांचं वैभव होतं.

आज गाडी मुक्यानंच गल्लीत वळली. स्वतःची गाडी त्यांना परकी वाटत होती. दार बंद होतं. अपेक्षा दुसरी नव्हती, तरी बंद दार बघून त्यांचा जीव थोडा झाला. किल्लीनं उघडून ते आत गेले.

ती मागच्या खोलीत होती, पाठमोरी. त्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते. तिथून रस्ता दिसत नाही, गाडी दिसत नाही. ती खिडकीच्या बंद काचेवर तळहात टेकवून उभी होती. मान किंचित खाली. हात काढून तिनं तो पुसला, पुन्हा काचेवर टेकवला आणि दुसऱ्या हातानं केस सारखे केले.

भाऊजींना आधी काही उमगेना. मग उमगलं. ती काच चौकटीत सैल होती. मोकळ्या सायलेन्सरची गाडी आली की थरथरायची. आवाज तिच्यापर्यंत पोचायचा कधीच थांबला होता, कोण जाणे किती काळापासून. इतके दिवस ते जिला ऐकू येतं म्हणून मिरवत होते, ती रोज इथं हात टेकवून त्यांची वाट बघत होती.

खांद्याला हात लावावा, तर ती दचकणार, काचेकडे बघणार, आणि समजणार की आता हाताला जाणवणंही गेलं. सायलेन्सरचं समोर उभं राहून सांगता आलं असतं. तिनं विश्वास न ठेवता नुसती मान हलवली असती, जशी धीर द्यायला येणाऱ्या सगळ्यांपुढं हलवायची. आणि आपण तिला असं पाहिलं, हे तिला कळलं असतं. तिनं जे इतक्या जपून झाकलं होतं, ते उघडं करायचा हक्क त्यांना वाटेना. ते चोरपावलांनी मागं सरले, आणि बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चोरपावलांची काही गरज नव्हती.

ते गाडी घेऊन परत पोचले तेव्हा मेहुणा गॅरेजचं शटर ओढत होता.

“गाडी वर घे,” भाऊजी म्हणाले. “मोकळा बसव.”

“गॅस्केट फाटकं आहे, भाऊजी. धूर गळेल, गाडी फटफटेल. उद्या करू ना.”

“फटफटू दे.”

“ताई काही बोलली का?”

“तिला काही सांगायचं नाही.”

मेहुण्यानं एकवार त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि शटर पुन्हा वर केलं. फाटकं गॅस्केट जमेल तसं जोडताना तो जन्मात पहिल्यांदा भाऊजींची थट्टा करायचं विसरला.

परतताना गाडी अशी फटफटत होती की रस्त्यावरची माणसं वळून शिव्या देत होती. दाराशी येऊन भाऊजींनी इंजिन बंद केलं नाही. ऍक्सिलरेटरवर पाय ठेवून नुसते बसून राहिले. लवकर उघड, बाई, असं मनात म्हणत राहिले.

दार उघडलं. तिचे डोळे लाल होते.

“किती उशीर,” ती म्हणाली.

ते खाली उतरून तिच्या समोर उभे राहिले. “तपासणीला रांग होती.”

“मला वाटलं...” ती म्हणाली आणि पुढचं गिळून टाकलं.

त्यांनी पलीकडे जाऊन गाडीचं दुसरं दार उघडलं, सीटवरचा डबा मागं टाकला आणि हातानं ये म्हणाले.

“आत्ता? अशी?”

“अशीच.”

दिवस मावळत होता. घाटाच्या पायथ्याशी भाऊजींनी गिअर खाली घेतला आणि गरज नसताना तसाच ठेवला. सहाही सिलिंडरांचा दणका फरशीतून, कडक स्प्रिंगांतून, सीटच्या सांगाड्यातून वर येऊ लागला. ती थोडा वेळ अंग चोरून बसली. मग तिनं पाठ सीटला टेकवली आणि डोळे मिटले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि ती बोलायला लागली. एक्स्चेंजमधल्या कुठल्याशा साहेबीणबाईची गोष्ट, जी त्यांनी पूर्वी याच घाटात कितीदा तरी ऐकली होती. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ती कधी ओरडत होती, कधी पुटपुटत होती.

“अगं, आज मी तुला खिडकीपाशी पाहिलं,” भाऊजी समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले. “रोज अशी उभी राहतेस, मला ठाऊकच नव्हतं.”

डोळे न उघडताच ती मधे थांबली, ते काहीतरी उत्तर देत असतील म्हणून, जागा सोडावी तशी. मग पुढं सांगू लागली.