उंबऱ्याबाहेरची शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, शिट्टी म्हटले की तुम्हाला खेळाचे मैदान आठवेल. माझ्या बऱ्याच बहिणी तिकडेच गेल्या. काही पहारेकऱ्यांच्या खिशात गेल्या. माझ्या वाट्याला मात्र आग आली.

एका लहानशा कारखान्यात पितळेचा पत्रा कापून, वाकवून आणि डाख देऊन मला घडवले. शेवटी एका बाईने माझ्या पोटात बुचाचा मणी घातला आणि मला फुंकून पाहिले. मग कान चोळत ती शेजारणीला म्हणाली, "ही कजाग निघाली बघ." माझे पहिले कौतुक ते एवढेच.

तिथून मी बंबखान्यात आले. उंच छपराखाली आगीचे दोन लाल बंब उभे होते. भिंतीशी बूट असे मांडलेले की पाय घातला की थेट धावत सुटावे. ओल्या नळ्या वरून लोंबत वाळत असत आणि त्यांचा वास दिवसभर दरवळत असे. तिथल्या म्होरक्याला सगळे वस्ताद म्हणत. वस्तादांनी मला काळ्या दोरीत ओवून गळ्यात अडकवले आणि आपल्या माणसांना पुन्हा एकदा बजावले, "लांब तीन वाजल्या की हातातलं टाकायचं आणि बाहेर यायचं. का म्हणून विचारायचं नाही. विचारायचं ते बाहेर आल्यावर."

बाहेर आल्यावर आणखी एक रीत होती. प्रत्येकाने बंबाच्या पत्र्यावर हाताची एक थाप मारायची. धुरात डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून वस्ताद कानांनी माणसे मोजत. आत जेवढे गेले, तेवढ्या थापा झाल्या की ते मला खाली सोडत. "जगात लोक थापा मारतात ते फसवायला," ते म्हणत. "आपली थाप म्हणजे शपथ."

या बंबखान्यात एक गडी होता, त्याला सगळे पुढारी म्हणत. तो काही भाषणे ठोकत नसे. नळीचे तोंड धरून सगळ्यांच्या पुढे तोच घुसायचा, म्हणून ते नाव. वस्ताद निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला त्याच्याच गळ्यात घातले. त्याला वाटले, हा शौर्याचा मान आहे. वस्ताद म्हणाले, "आजपासून तुझं पुढं जाणं बंद. शिट्टी ज्याच्या गळ्यात, त्याचा पाय उंबऱ्याबाहेर."

"मग मी करू काय तिथं?"

"बघ. आतल्याला आग दिसते, घर दिसत नाही. घर बाहेरच्यानं बघायचं."

पुढारी हो म्हणाला. पण मी त्याच्या छातीवर होते, मला आतली धडधड ऐकू येत होती. माणसे आत शिरली की त्याचे पाय जागच्या जागी चुळबुळत. जन्मभर पुढे धावलेल्याला थांबायला सांगणे म्हणजे मोठी शिक्षाच.

म्होरक्या झाल्यावर त्याने मला पहिल्यांदा वाजवले ते एका लाकडाच्या वखारीत. भर दुपार होती. आग अर्धी विझत आली होती, तेवढ्यात छपराचा पत्रा त्याला मधोमध खचल्यासारखा दिसला. त्याने लांब तीन वाजवल्या. सगळे बाहेर आले, थापा पुऱ्या झाल्या. बाहेरून पाणी मारता मारता उरलेली लाकडे जळून गेली.

आणि छप्पर पडलेच नाही.

वखारवाला कपाळाला हात लावून बसला होता. गर्दीतून कोणीतरी ओरडले, "पाणी मारायला आलात की शिट्ट्या मारायला?" लोक हसले. दुसऱ्या दिवशी बंब त्याच रस्त्याने गेला, तेव्हाही ते छप्पर उभे होते आणि त्यावर एक कावळा बसला होता. कावळा बसला, पण फांदी काही मोडली नाही. पुढारी मान फिरवून दुसरीकडे बघत राहिला.

सगळ्यात जास्त झोंबले ते दाजींना. दाजी म्हणजे आमच्या लंबूच्या बहिणीचे यजमान. लंबू हा ताडमाड उंच, नळीवर दाजींचा जोडीदार. तो त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळा बंबखानाच दाजी म्हणू लागला. वखारीत नळीचे तोंड दाजींच्याच हातात होते.

"थोडक्यात राहिलं," रात्रीच्या जेवणाला बसताना दाजी म्हणाले. "आणखी थोडा दम धरला असता तर विझली होती. शिट्टी गळ्यात पडली की माणूस भित्रा होतो बहुतेक."

"दाजी, हळू बोला," लंबू कुजबुजला. "ऐकतील ते."

"ऐकू देत की. कान तेवढेच राहिलेत त्यांना. पाय तर गेले."

पुढारीने ऐकले. त्याच्या बोटांनी मला घट्ट आवळले. पण तो ताट धुऊन निघून गेला. त्याला वाटले, आज ना उद्या यांना आपोआप कळेल.

पुढे गाद्यांच्या एका कारखान्याला आग लागली. खाली शिवणकाम आणि वर लाकडी माळ्यावर कापसाचे गठ्ठे. कामगार सुखरूप बाहेर आले होते. दोन नळ्या घेऊन आमची चार माणसे आत शिरली, त्यांत दाजी आणि लंबू होते. पाणी जोरात चालले होते. ज्वाळा बसल्या, नुसता धूर आणि वाफ उरली. रस्त्यावरचे लोक म्हणू लागले, विझली, विझली.

पुढारी दाराबाहेर उभा राहून उंबऱ्याकडे बघत होता. आत दोन नळ्या पाणी ओतत होत्या आणि उंबऱ्यातून बाहेर येत होती बारीकशी धार. मग बाकीचे पाणी जाते कुठे? त्याने वर पाहिले. दाराची चौकट तिरकी झाली होती. कापूस पाणी पीत होता. वरचा एकेक गठ्ठा दगडासारखा जड होत होता. आता धोका आगीचा राहिला नव्हता. आमच्याच पाण्याने तो माळा खाली येणार होता.

त्याने मला ओठांत धरले. क्षणभर थांबला. मला ठाऊक आहे, त्याला तो कावळा आठवला. मग त्याने छाती भरून घेतली. लांब तीन.

माणसे धुरातून बाहेर आली. बंबावर थापा पडल्या. एक, दोन, तीन, चार.

चार झाल्या, तरी त्याने मला खाली सोडले नाही. त्या काळी हातमोजे फारसे कोणी घालत नसे आणि दाजींच्या बोटात सासऱ्यांनी दिलेली जाड अंगठी होती. त्यांची थाप पडली की पत्रा टण् वाजायचा. त्या दिवशी टण् वाजले नव्हते.

"दाजी कुठंयत?"

लंबू खोकत म्हणाला, "आहेत की. बंबाच्या मागं असतील."

"अंगठी वाजली नाही."

लंबूचे तोंड उघडले ते मिटेना. काळ्या चेहऱ्यावर फक्त डोळे दिसत होते. "आत आहेत. म्हणाले, एकच कोपरा राहिलाय, आज हसं होऊ द्यायचं नाही. म्हणाले, माझीही थाप तूच मार."

मित्रांनो, त्या वेळी पुढारीचा एक पाय उंबऱ्याच्या आत पडला. मी त्याच्या छातीवर आपटले. धुरातून बाहेरची वाट डोळ्यांना सापडत नाही, पण कानांना सापडते. तो आत गेला असता, तर ती वाट दाखवायला बाहेर कोणीच उरले नसते. शिवाय त्याच्या मागे लंबू धावला असता, आणि लंबूच्या मागे बाकीचे दोघे.

त्याने पाय मागे घेतला. "कुणी हलायचं नाही. बंबाला हात लावून उभे राहा."

"माझे दाजी आहेत ते," लंबू रडकुंडीला आला होता.

"म्हणूनच सांगतोय. हात लाव."

आणि तो उंबऱ्याशी उभा राहून मला वाजवू लागला. आता लांब नाही, आखूड नाही, नुसता एकसारखा आवाज. श्वास संपला की पुन्हा श्वास. वाफेने मी तापले, त्याचे ओठ पोळले, पण त्याने मला सोडले नाही. आतून नळीचे तोंड फरशीवर पडल्याचा आवाज आला. मग खोकला. खोकला आधी लांब गेला, चुकून आतल्या बाजूला. पुढारीने डोळे मिटले आणि आणखी जोरात फुंकले. माझ्या पोटातला मणी कधी एवढा नाचला नव्हता. हळूहळू खोकला दाराच्या दिशेने वळला.

दाजींचे डोके उंबऱ्यावर दिसले आणि माळा खाली आला. तुळईचे टोक त्यांच्या गुडघ्यावर बसले. चौघांनी मिळून त्यांना ओढून काढले. झोळीत घालून त्यांना बंबाजवळून नेत होते. त्यांनी हात लांब केला. टण्.

तेव्हाच पुढारीने मला ओठांतून काढले.

दाजींचा पाय वाचला, पण सरळ झाला नाही. नळी धरणे संपले. त्या संध्याकाळी बंबखान्यात कोणी जेवले नाही. लंबू कोपऱ्यात उभा होता. आता आपली नोकरी गेली, असेच त्याला वाटत होते.

"लंबू, तू आज थाप मारलीस," पुढारी म्हणाला. पोळलेल्या ओठांनी त्याला नीट बोलता येत नव्हते.

"हो."

"एक चूक तुझी, एक माझी. वखारीच्या दिवशी लोक हसले आणि मी गप्प बसलो. वाटलं, तुम्हाला कळलं असेल. सांगितल्याशिवाय कुणाला काय कळतं? छप्पर पडलं नाही म्हणून शिट्टी चुकली, असं होत नाही. लोक हसले तर हसू देत. ते हसणं माझ्या वाट्याचं आहे, त्यासाठीच ही गळ्यात आहे. तुम्ही फक्त बाहेर या."

लंबूने हात पुढे केला, मला पुढारीकडून मागून घेतले आणि माझ्यावरची काजळी पुसत बसला. पुढे कितीतरी वर्षे ते काम त्याने कोणाला करू दिले नाही.

कालांतराने खिशात बोलणारी यंत्रे आली. म्होरक्या दाराबाहेरून बोलतो आणि आतल्याच्या कानात ऐकू येते. चांगलीच सोय झाली, मला तिचा मत्सर नाही. पुढारी निवृत्त झाला आणि मी एका खणात गेले. तिथे गंजके स्क्रू होते, संपलेल्या बॅटऱ्या होत्या आणि कोणाच्या तरी कुलपाची किल्ली होती. श्वास मिळेना, तसा पोटातला मणी वाळला आणि एका बाजूला चिकटून बसला. शिट्टीला गंजाचे भय कमी, मुकेपणाचे जास्त.

एक दिवस खण उघडला. लंबू आता म्होरक्या झाला होता, केस पांढरे, कमरेत थोडा वाकलेला. त्याने मला कोमट पाण्यात धुतले आणि काडीने मणी मोकळा केला. आता नवी माणसे भरती झाली की तो त्यांना बंबाजवळ उभे करतो, स्वतः डोळे मिटून पाठ फिरवतो आणि प्रत्येकाला थाप मारायला लावतो. एकेकाची थाप ओळखू येईपर्यंत तो त्यांना सोडत नाही. दाजीही लंगडत येतात आणि खुर्ची ओढून बसतात.

"हा माझा मेहुणा," ते नव्यांना सांगतात. "जन्मभर मला थापा मारत आला. पण पत्र्यावर मारलेली ती एकच."

सगळे हसतात. लंबू हसत नाही. तो मला छातीवरून उचलतो आणि फुंकतो. लांब तीन.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने, मुके झालेले काही असेल, तर अधूनमधून त्याला श्वास द्या. आणि कोणी बाहेरून तुम्हाला हाक मारली, तर हातातले टाकून या. लोक हसले तरी या. आलात की आपली थाप आपल्याच हाताने मारा. बाहेर कोणीतरी कान लावून उभे असते.