गोड ठरवलेली विहीर

वसईच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या कपाटात माझा मुक्काम असतो. पाण्याचा खारेपणा मोजणारा मी एक जुना मीटर आहे, मित्रांनो. वालीवच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझी कांडी पाण्यात बुडवली की पडद्यावर आकडा उमटतो. पाणी जितके खारे, तितका आकडा मोठा.

मला कॉलेजात आणले ते रचना वर्तक मॅडमनी. त्या जवळच्याच वटार गावच्या, बागायती वाडीत वाढलेल्या. पंपांनी गोडे पाणी उपसले जात होते आणि समुद्र जमिनीखालून विहिरींकडे सरकत होता. सुट्टीच्या दिवशी मला पिशवीत घालून त्या वाड्यावाड्यांतून विहिरी तपासत फिरत. लोक त्यांना ‘मीठवाल्या मॅडम’ म्हणत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग कॉलेजात वेगळ्याच आकड्यांचे दिवस आले. एखाद्याच्या शोधनिबंधाचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला, त्यावरून त्याची किंमत ठरू लागली. वसईच्या विहिरींवर लिहिणाऱ्या मॅडमचा संदर्भ जगात कोण देणार? त्यांचा आकडा लहानच राहिला. आकडा वाढल्याशिवाय पीएच.डी.च्या मार्गदर्शक म्हणून मान्यता नव्हती, आणि त्यांच्याकडे शिकायला हेमाली वर्षभर थांबून राहिली होती.

शेजारच्या टेबलावरचे अल्पेश सर एकदा म्हणाले, “मॅडम, आमचा एक ग्रुप आहे. तुमच्या नव्या पेपरात आमचे रेफरन्स टाका, आम्ही तुमचे टाकतो.”

“न वाचताच?”

“वाचायला वेळ कुणाला आहे? हेमालीचा तरी विचार करा.”

मॅडमनी हेमालीचा विचार केला आणि ते संदर्भ टाकले. पण जुनी खोड जाईना. त्यांनी एकेक निबंध उघडून वाचायला घेतला. एकात लिहिले होते की वसईतल्याच भुईगावच्या विहिरींचे पाणी गोड आणि पिण्याजोगे आहे. त्या निबंधाला भरघोस संदर्भ मिळाले होते. त्यांतला एक संदर्भ खुद्द अल्पेश सरांनी दिला होता.

दुसऱ्याच दिवशी मॅडम सरांना आणि मला घेऊन भुईगावला, धोंडूबाईंच्या वाडीत गेल्या. धोंडूबाईंनी पोहरा वर ओढला. मॅडमनी माझी कांडी त्यात बुडवली. आकडा चढतच गेला.

“सर, तुम्ही चाखून बघा,” मॅडम म्हणाल्या.

सरांनी ओंजळ तोंडाला लावली आणि लगेच थुंकून टाकली.

“आता कलला ना?” धोंडूबाई म्हणाल्या. “मानसं येऊन सांगून जातात, तुमचं पानी गोड हाय, तसं छापून आलंय. आमी मग खोटं बोलतो काय?”

सर खाली बघत म्हणाले, “मला वाटलं, कुणीतरी तपासलं असेल.”

“सगळ्यांना तेच वाटलं,” मॅडम म्हणाल्या. “संदर्भ देणं म्हणजे साक्ष देणं असतं, सर.”

मॅडमनी आपल्या नव्या पेपरातून उसने संदर्भ सगळेच काढून टाकले. त्यांचा आकडा लहानच राहिला आणि मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळाली नाही. हेमालीने मुंबईत दुसरे मार्गदर्शक शोधले. निरोप घेताना ती म्हणाली, “मॅडम, तुमचं बरोबर होतं. पण वर्ष माझं गेलं.”

“हो गं,” एवढेच मॅडम म्हणाल्या. ती गेल्यावर त्या किती तरी वेळ मला कोरड्या फडक्याने पुसत बसल्या. मी कोरडाच होतो.

अल्पेश सरांनी मात्र आपला निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला कळवून तो चुकीचा संदर्भ मागे घेतल्याचे छापून आणले. गोड विहिरीच्या निबंधाचा आकडा एकाने कमी झाला. ग्रुपने सरांना वगळले. आता सुट्टीच्या दिवशी कधी कधी तेच मला उचलून विहिरींवर नेतात.

मित्रांनो, मी फक्त आकडा दाखवतो. तो चांगला की वाईट, हे मला कळत नाही. ते माणसांनी पाहायचे असते. म्हणून कुणाचा आकडा मोठा दिसला, तर त्यामागे काय लिहिले आहे ते वाचा. लहान दिसला, तरीही वाचा. आणि माझ्यासाठी एवढे करा: वापर झाला की माझी कांडी गोड्या पाण्याने धुऊन ठेवा. तिच्यावर मिठाचा थर बसला, तर मीही खोटे सांगू लागेन, आणि मला ते कळणारसुद्धा नाही.