बिनचटक्याची सून
सुनेकडे बेकरीची पदवी आहे, पण हातावर एक चटका नाही. मला तिथेच संशय आला. मुलगा म्हणतो, भट्टी आता तिच्या ताब्यात दे.

आज भट्टीत तापमापकाची काडी घालून ती म्हणाली, “आई, फार तापलीय. पाव करपतील.”

“मला शिकवू नकोस!” मी हात आत धरून दहा मोजले. “दहापर्यंत हात टिकला, म्हणजे आच बरोबर आहे. लाव पाव.”

सगळे पाव करपले. हिनेच काहीतरी केलं असणार, म्हणून मी तिच्याकडे रोखून पाहिलं. ती माझा तळहात बघत होती.

“आई, केवढा फोड आलाय! दुखत नाही?”

चाळीस वर्षांच्या चटक्यांनी हात बधिर झाला होता, आणि मला पत्ताच नव्हता.

भट्टी तिच्या हवाली केली. मात्र ती काडी खात्रीच्या दुकानातली आहे ना, हे आधी खोदून खोदून विचारलं.