मऊ गिअर

गिअरबॉक्सखालचं तेलाचं तबक खाली आलं आणि मिस्त्रींनी आधी नाक पुढे केलं. मग बोट बुडवलं, तेल चिमटीत चोळलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. तेल काळंकुट्ट होतं. वास जळका येत होता, आणि ट्रक माझ्या धाकट्या भावाचा होता आणि हाच गिअरबॉक्स आम्ही नुकताच उघडून नव्यासारखा केला होता.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. सगळं जग त्यांना मिस्त्री म्हणतं, म्हणून मीही म्हणते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सोडला तर बाकी सगळा आनंदच आहे. भाजी आणायला पाठवलं तर भाजी येते, पिशवी दुकानातच राहते. मी त्यांच्या हाताखाली सुटे भाग धुते. लोकांना वाटतं, बाई नुसती गल्ल्यावर बसते. वाटू दे.

भावाचं घोडं कुठे अडलं होतं ते सांगते. अपघातात त्याचा डावा खुबा मोडला, आत सळई बसली आणि क्लच दाबणं कायमचं संपलं. आता ज्याला मिसरूड फुटल्यापासून स्टीअरिंगशिवाय दुसरं काही माहीत नाही, त्याने करायचं काय? त्याने जुना डिझेल ट्रक घेतला, ऑटोमॅटिक, पायाने दाबायचा क्लच नसलेला. खाणीतल्या फरश्या ट्रेलरवर लादून चढाने वर आणायला लागला. माल जड, म्हणून इंजिनाची ताकद वाढवून घेतली. पण ती ताकद चाकापर्यंत पोचवायची गिअरबॉक्सने, आणि तो बिचारा जुन्या ताकदीपुरता केलेला. चढावर इंजिन बोंब मारायचं आणि ट्रक जागचा हलायचा नाही.

तेव्हा मिस्त्रींनी जीव ओतून काम केलं होतं. गिअर धरणारे क्लच ऑटोमॅटिकच्या पोटातच असतात, त्यांच्या जास्तीच्या प्लेटा बसवल्या, इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा कन्व्हर्टर दणकट घातला, तेल थंड ठेवायला मोठा कूलर लावला. आणि प्लेटा घट्ट आवळल्या जाव्यात म्हणून एक कडक स्प्रिंग मागवली. त्या स्प्रिंगमुळे गिअर पडताना झटका बसणार, हे त्यांनी मला तेव्हाच समजावलं होतं. गिअर मऊ पडतो म्हणजे प्लेट घसरत घसरत धरते. घसरली की तापते, तापली की जळते. बसणाऱ्याला सुख, गिअरबॉक्सला मरण. गिऱ्हाइकं मऊ गिअरचं कौतुक करायची तेव्हा मिस्त्री मान हलवायचे आणि घरी येऊन माझ्यापाशी चिडचिड करायचे.

एवढं करूनही प्लेटा जळल्याच. भाऊ बाहेर बाकावर बसला होता. मीच हावरटासारखा माल भरला, असं तो मला सकाळपासून सांगत होता. ट्रक विकून टाकणार होता. खाणीच्या मालकाने वजनकाट्यावरची खुर्ची देऊ केली होती, तिला तो हो म्हणून आला होता. आता बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजायच्या, असं म्हणून तो हसला. त्याचं ते हसणं मला बघवेना, म्हणून मी आत येऊन भाग धुवायला घेतले.

धुता धुता ती स्प्रिंग हातात आली. नव्या स्प्रिंगवर निळा पट्टा होता. पाकीट मीच फोडलं होतं. हिच्यावर काहीच नाही. गरम तेलात रंग गेला असेल, म्हणून पुन्हा घासून पुसली आणि खिडकीशी नेऊन पाहिली. रंग जाईल हो, पण तार बारीक कशी होईल? जुनी स्प्रिंग होती ती.

मी ती मिस्त्रींच्या समोर टेबलावर ठेवली. ते टेबलावरचे नट एका रांगेत लावू लागले.

"अहो, मी विचारतेय. ही आत कशी आली?"

"मीच घातली," ते म्हणाले. "पहिल्या ट्रायलहून तो उतरला ना, तेव्हा तू नव्हतीस तिथे. दार धरून उभा राहिला. म्हणाला, दाजी, एक नंबर झालंय. ओठ पांढरेफटक पडले होते गं त्याचे. प्रत्येक गिअरला खुब्यात कळ जात होती."

मग त्याला आमच्या घरी जेवायला बसवून यांनी गुपचूप तबक पुन्हा उतरवलं होतं आणि जुनी मऊ स्प्रिंग घातली होती. ज्या माणसाने उभा जन्म मऊ गिअरला शिव्या दिल्या, त्याने. मला इतका राग आला की काय सांगू. आणि त्या रागातही त्यांचा तो तेलकट हात हातात घ्यावासा वाटत होता. माझ्या भावाचं दुखणं माझ्या आधी त्यांना दिसलं होतं.

"आता बाहेर जाऊन सांगा त्याला," मी म्हटलं. "स्वतःला खात बसलाय तो."

ते गेले. मी दारात उभी राहिले. मिस्त्रींनी मान खाली घालून सगळं सांगितलं. आमच्या घराण्यात राग नाकाच्या शेंड्यावर असतो, त्यामुळे मला वाटलं, आता हा दुकान डोक्यावर घेणार. पण तो हळू आवाजात बोलला.

"दाजी, खुबा माझा आहे. तुम्ही गिअरबॉक्स सांभाळा, माझं मी बघतो."

"झटका दर वेळी बसणार. तो काही कमी होणार नाही."

"बसू दे. त्या खुर्चीवर काय दुखणार नाही का मला?"

नव्या प्लेटा आल्या. कडक स्प्रिंग मिस्त्रींनी भावाच्या तळहातावर ठेवली आणि तूच बसव म्हणाले. त्याने बसवली.

ट्रायलला मी न विचारता केबिनमध्ये चढून बसले. मिस्त्री खाली उभे राहून हात पुसत राहिले. मागे फरश्यांनी भरलेला ट्रेलर होता. चढ लागला. दुसरा गिअर पडला आणि माझे दात दातांवर आपटले. ताई, जीभ सांभाळ, असं म्हणून भाऊ हसला, पण त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. इंजिन मात्र बोंब मारत नव्हतं. ट्रक एकसारखा वर चालला होता.

मग माझ्या लक्षात आलं. इंजिनाचा आवाज जरा ताणला गेला, की गिअर पडायच्या क्षणभर आधी भाऊ दोन्ही हातांनी स्टीअरिंगवर रेटा देऊन सीटवरून बोटभर उचलला जायचा. झटका खालून जायचा. मग तो परत टेकायचा. कुणी शिकवलं नव्हतं, त्याचं त्यानेच शोधून काढलं होतं. दुखणं पुरतं सुटत होतं असं नाही. निम्मं तरी अंगावर येतच होतं, जबडा आवळलेला मला दिसत होता. मी समोर रस्त्याकडे बघत राहिले, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर त्याला आवडलं नसतं.

वळण संपलं, रस्ता जरा सरळ झाला आणि इंजिनाचा आवाज ताणत गेला. भाऊ उचलला गेला. सीटची कड दोन्ही हातांनी धरून मीही उचलले गेले होते.