खिडकीचं माप

मास्तरांनी उभा जन्म लोकांचे कोट शिवण्यात घालवला. कोणाचा एक खांदा खाली आहे, कोणाचं पोट दोन वर्षांत सुटणार, हे त्यांना गिऱ्हाईक दारात असतानाच कळायचं. माप घेण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते एकदा तरी ऐकल्याशिवाय कोणाची दुकानातून सुटका नव्हती.

बायको छातीच्या दुखण्याने हॉस्पिटलात होती. "घरी न्या, पण गार वाऱ्याची झुळूकसुद्धा लागता कामा नये," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा न्यूमोनिया झाला तर त्यांना झेपणार नाही."

मास्तर घरी आले आणि तिच्या पलंगाजवळच्या जुन्या खिडकीच्या फटीपुढे त्यांनी एक दोरा धरला. दोरा नुसता नाचायला लागला. इतकी वर्षं ही बाई या वाऱ्यात झोपली आणि आपल्याला साधा दोरा धरून बघायचं सुचलं नाही, म्हणून त्यांना भडभडून आलं.

खिडक्यांच्या दुकानात विक्रेतीने एक काच, दोन काचा, तीन काचा असे नमुने मांडले. मास्तरांनी चौकट चिमटीत धरून कापडासारखी चोळून पाहिली.

"धुतल्यावर आटत नाही ना?"

ती हसली. दोन काचांच्या मधे वायू भरून कडा कारखान्यातच सीलबंद करतात, त्यामुळे ऊब बाहेर जात नाही आणि हीटरही कमी लागतो, हे तिने समजावलं. मास्तरांना दोन काचांची पटली. कोटाला अस्तर असतं, तसंच हे.

"काका, माप घ्यायला आमचा माणूस येईल."

"माझ्या घरात? माप घ्यायला?" मास्तर म्हणाले. "उद्या मला सुई ओवायलाही शिकवाल!"

त्यांनी गळ्यातल्या टेपने स्वतःच माप घेतलं आणि कळवलं.

खिडकी आली ती नेमकी बायको घरी यायच्या दिवशी. सकाळी मेहुणा मदतीला आला होता. "भावजी, नवी येऊ तर द्या, मग काढू जुनी," तो सांगत होता. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! टेम्पो दाराशी येईपर्यंत जुनी खिडकी चौकटीसकट उखडली होती आणि तिच्या काचांचा चुरा अंगणात पडला होता.

बसवणाऱ्यांनी नवी खिडकी उचलली, भिंतीला लावली आणि खाली ठेवली.

"मोठी आहे, काका."

"मग कडेने कापा जराशी."

"ही कापता येत नाही. सील फुटलं की संपलं. नवीन करून यायला महिना तरी जाईल."

"अहो, दोन बोटांचा तर प्रश्न आहे!"

बोलता बोलता मास्तर थांबले. ती दोन बोटं त्यांच्या ओळखीची होती. प्रत्येक कोटाला, दोन्ही अंगांना, शिवणीसाठी ते तेवढंच जास्त धरत आले होते. डोक्याला न विचारता हाताने इथेही तेच केलं होतं. कापडाचं जास्तीचं आत दुमडता येतं. काचेला काय दुमडणार?

त्यांनी हॉस्पिटलात फोन लावला. तिची खाट दुसऱ्या रुग्णाला देऊन झाली होती. मेहुण्याचं घर चौथ्या मजल्यावर, आणि तिला चार पायऱ्याही चढवत नव्हत्या. माणसांनी भोकावर प्लायवूड ठोकलं, हळहळले आणि गेले. मास्तरांनी घरातलं सगळं लोकरी कापड काढलं, चार पदरी शिवलं आणि फळीवर ठोकलं. मशीन इतक्या जोरात त्यांनी कधी चालवली नव्हती.

संध्याकाळी बायको आली. खोलीत दिवसाचा उजेड नव्हता. भिंतीला टेकवलेली नवीकोरी खिडकी तिने पाहिली, मग नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"शिवणीचं धरलंत ना?" ती म्हणाली आणि हसायला लागली. हसण्याचा खोकला झाला आणि तो लवकर थांबला नाही. मास्तर नुसते तिची पाठ चोळत राहिले. दुसरं काय करणार?

ती पलंगावर आडवी झाल्यावर त्यांनी खिशातून दोरा काढून कापडाच्या कडेशी धरला.

"हलतोय का हो?" तिने विचारलं.

"छे. अजिबात नाही."

ती उशीवरून त्या दोऱ्याकडेच बघत होती. तिने गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"हो," ती म्हणाली, "नाहीच हलत."